पासवर्ड बरोबर आहे तरी लिनक्स आत घेत नाही? फॉरमॅट मारायच्या आधी हे करून बघा

नाशिकच्या सिडकोत माझं झेरॉक्स-टायपिंगचं छोटं दुकान आहे, तीन कॉम्प्युटर आहेत आणि तिन्हीवर लिनक्स मिंट. लिनक्स म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी फुकट सिस्टीम, मिंट आणि उबंटू हे तिचेच दोन प्रकार. 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा सपोर्ट बंद झाला तेव्हापासून आमच्या आसपासच्या बऱ्याच जणांनी जुने लॅपटॉप भंगारात न घालता त्यावर मिंट नाहीतर उबंटू टाकून घेतलं, आणि चांगलं केलं, पण काही अडलं की फोन मला येतो. सातपूर, पंचवटी, ओझर, पार सिन्नरवरून सुद्धा. आणि दहातल्या सहा जणांचं वाक्य ठरलेलं असतं, "ताई, पासवर्ड टाकला, स्क्रीन एकदा काळी झाली आणि परत पासवर्डच मागतोय." म्हणून म्हटलं एकदा सगळं नीट लिहूनच काढू.

सगळ्यात आधी एक विनंती. अशा वेळी कुणी कितीही म्हटलं तरी लगेच फॉरमॅट मारू देऊ नका. दिंडोरीकडचे एक काका आहेत, द्राक्षाची बाग आहे त्यांची, कुठली फवारणी कधी केली, किती माल कुणाला दिला, सहा वर्षांचा सगळा हिशोब लॅपटॉपमध्ये आणि मुलीच्या लग्नाचे फोटो पण त्यातच. लॉगिन होईना म्हणून एका दुकानात दिला, तिथं न विचारता फॉरमॅट मारून परत केला. नंतर ते माझ्याकडं आले, दुकानात द्यायच्या आधी त्यांनी स्क्रीनचा मोबाईलवर फोटो काढलेला होता तो दाखवला, आणि त्यात स्पष्ट लिहिलेलं होतं की डिस्क भरलीये. एवढंच झालं होतं! दहा मिनिटांचं काम होतं. तो फोटो बघून मला खरंच रात्री झोप लागली नाही. लॉगिन न होणं आणि डेटा जाणं या दोन पूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत, तुमच्या फाईली डिस्कवर जिथल्या तिथं असतात, फक्त दार अडकलेलं असतं.

आता कमांड कशा वाचायच्या ते सांगते. फोनवर सांगते तशाच इथं लिहिल्यात, अक्षर न् अक्षर. टाईप करताना सगळं इंग्रजी छोट्या लिपीत, जिथं कॅपिटल सांगितलंय तिथंच कॅपिटल. मध्ये जो स्वल्पविराम आहे तो फक्त थांबायची जागा, तो टाईप करायचा नाही. "डॅश" म्हणजे शून्याच्या उजवीकडचं बटण, "स्लॅश" म्हणजे प्रश्नचिन्हाच्या बटणावरची तिरकी रेघ. "सुडो" म्हणजे एस यू डी ओ, हे पुढं लावलं की ते काम मालकाच्या अधिकारानं होतं, म्हणून ते लावताना दोनदा वाचून मगच एंटर.

पहिलं बघायचं ते म्हणजे कॉम्प्युटर नक्की काय म्हणतोय. पासवर्ड चुकला असा मेसेज येतोय का? की काहीच न बोलता स्क्रीन लुकलुकते आणि परत लॉगिनची पाटी येते? यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. मेसेज येत असेल तर भानगड पासवर्डची किंवा कीबोर्डची आहे. काहीच न बोलता परत येत असेल तर तुमचा पासवर्ड बरोबर आहे, त्यानं तो मान्य केला, डेस्कटॉप उघडायला गेला आणि मध्येच अडखळून पडला. लोक इथंच फसतात आणि तासभर पासवर्ड बदलत बसतात, ज्याचा काही उपयोग नसतो.

मेसेज येत असेल तर आधी कॅप्सलॉक, मग बाजूच्या आकड्यांसाठी नमलॉक. आणि आपल्याकडचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे मराठी कीबोर्ड. मराठी टायपिंगसाठी इनस्क्रिप्ट टाकून घेतलेलं असतं आणि लॉगिनच्या वेळेला तेच चालू राहिलेलं असतं, पासवर्डच्या जागी नुसते ठिपके दिसतात त्यामुळं कळतच नाही की आपण देवनागरी टाईप करतोय. लॉगिन स्क्रीनच्या वरच्या कोपऱ्यात भाषेचं चिन्ह असतं तिथं जाऊन इंग्रजी करा, उबंटूत विंडोजच्या बटणासोबत स्पेस दाबलं तरी बदलतं. पासवर्ड ठेवताना सुद्धा कीबोर्ड इंग्रजीत आहे ना ते बघूनच ठेवायचा, ही सवय मी टायपिंगच्या पोरींना पहिल्या दिवशी लावते.

आता न बोलता परत येणारं प्रकरण. यासाठी आपल्याला मागच्या दारानं आत जायचंय. कंट्रोल, आल्ट आणि एफ 3 एकदम दाबा, काही लॅपटॉपवर सोबत एफ एन पण दाबावं लागतं. काळी स्क्रीन येईल आणि त्यावर लॉगिन असं लिहिलेलं असेल. घाबरू नका, काही बिघडलेलं नाही, हाच तुमचा कॉम्प्युटर आहे, फक्त चित्रांशिवाय. युजरनेम टाका, एंटर, मग पासवर्ड. पासवर्ड टाकताना इथं काहीच दिसत नाही, ठिपके सुद्धा नाहीत, कर्सर पण हलत नाही, तरी तो घेत असतो, निवांत टाका आणि एंटर मारा. परत चित्रांच्या स्क्रीनवर यायला मिंटमध्ये कंट्रोल आल्ट एफ 7, उबंटूत एफ 1 नाहीतर एफ 2.

एक युक्ती इथंच सांगते. कीबोर्ड नीट चालतोय का ही शंका असेल तर या काळ्या स्क्रीनवर युजरनेमच्या जागी पासवर्ड टाईप करून बघा, तिथं अक्षरं दिसतात, कुठलं बटण दाबलं जात नाही ते लगेच कळतं. फक्त एंटर मारायचं नाही, बॅकस्पेसनं सगळं खोडायचं.

काळ्या स्क्रीनवर आत शिरलात म्हणजे अर्धी लढाई जिंकली. आता पहिली कमांड, कायम हीच पहिली:

डी एफ, स्पेस, डॅश, एच

जूनमध्ये पावसाच्या एका संध्याकाळी सातपूरहून एका मुलीचा फोन आला, स्कॉलरशिपच्या फॉर्मची शेवटची तारीख दुसऱ्या दिवशी, मार्कशीट स्कॅन करून लॅपटॉपवर ठेवलेली आणि लॅपटॉप आत घेईना. आवाज रडवेला झालेला. तिला म्हटलं, बाळा, फोन स्पीकरवर ठेव आणि मी सांगते तेवढंच टाईप कर. वरची कमांड मारली तर आठ-दहा ओळी आल्या. म्हटलं, ज्या ओळीच्या शेवटी नुसता एकटा स्लॅश आहे ती शोध आणि त्याच्या आधीचा आकडा वाच. "शंभर टक्के, ताई." झालं, कारण सापडलं. डेस्कटॉप उघडताना कॉम्प्युटरला तुमच्या होम फोल्डरमध्ये, म्हणजे जिथं तुमच्या सगळ्या फाईली असतात तिथं, दोन-चार छोट्या फाईली लिहाव्या लागतात, जागाच नसेल तर त्या लिहिता येत नाहीत आणि तो तुम्हाला परत दारात आणून सोडतो. काळ्या स्क्रीनला तसलं काही लिहायची गरज नसते म्हणून तिथून जाता येतं.

जागा करायची तर आधी हे दोन:

सुडो, स्पेस, ए पी टी, स्पेस, क्लीन

सुडो, स्पेस, जर्नलसीटीएल, स्पेस, डॅश, डॅश, व्हॅक्यूम, डॅश, साईज, बरोबरचं चिन्ह, 200, कॅपिटल एम

जर्नलसीटीएल म्हणजे जे ओ यू आर एन ए एल आणि लगेच सी टी एल, सलग. व्हॅक्यूमच्या स्पेलिंगमध्ये यू दोनदा येतो, व्ही ए सी यू यू एम. पहिल्या कमांडनं अपडेटच्या वेळी डाऊनलोड होऊन पडलेली पॅकेजं जातात, दुसरीनं जुन्या नोंदी कापून 200 एमबीच्या आसपास आणल्या जातात. तुमच्या एकाही फाईलला हात लागत नाही. तिच्या लॅपटॉपवर तेवढ्यानं पुरलं नाही कारण खरी जागा खाल्ली होती टाईमशिफ्टनं. मिंटमध्ये हे टाईमशिफ्ट फार कामाचं आहे, सिस्टीमचा जुना फोटो काढून ठेवतं आणि बिघडलं तर मागं जाता येतं, पण कुणीतरी तिला ते रोज पाच प्रती ठेवायच्या सेटिंगवर लावून दिलं होतं आणि डिस्क फक्त 120 जीबीची. मग

सुडो, स्पेस, टाईमशिफ्ट, स्पेस, डॅश, डॅश, डिलीट

टाईमशिफ्ट म्हणजे टी आय एम ई एस एच आय एफ टी, जोडून. एंटर मारलं की तो यादी दाखवतो आणि कुठली काढायची तो नंबर विचारतो. सगळ्यात जुन्या दोन काढल्या, परत डी एफ मारलं, 81 टक्के. मग सुडो स्पेस रीबूट. लॉगिनची पाटी आली, तिनं पासवर्ड टाकला आणि मला फोनवर मिंटचा तो सुरुवातीचा आवाज ऐकू आला. फॉर्म रात्री साडेदहाला भरला गेला.

काळ्या स्क्रीनवरून स्वतःच्या फाईली डिलीट करायला नवख्या माणसानं जाऊ नये असं माझं ठाम मत आहे, तिथं डिलीट केलेलं कचरापेटीत जात नाही, थेट जातं. आत जाण्यापुरती जागा करा, बाकीची साफसफाई आत गेल्यावर माऊसनं बघून बघून करा. कचरापेटी पण रिकामी करा, ती भरलेली राहिली तर जागा सुटत नाही.

डिस्क भरलेली नाही, तरी परत येतोय? मग मालकीचं प्रकरण बघायचं. होम फोल्डरमध्ये एक लपलेली फाईल असते, डॉट एक्स ऑथॉरिटी, तुम्हाला स्क्रीन वापरायची परवानगी आहे याची ती चिठ्ठी समजा. कुणीतरी व्हिडिओ बघून सुडो लावून एखादं खिडकीवालं ॲप उघडलेलं असतं आणि कधीकधी त्या नादात ही चिठ्ठी रूटच्या, म्हणजे मालकाच्या नावावर होते, मग तुमचीच चिठ्ठी तुम्हाला वाचता येत नाही. बघायला:

एल एस, स्पेस, डॅश, एल ए

बरीच मोठी यादी येईल. त्यात डॉटनं सुरू होणारं, मग कॅपिटल एक्स असलेलं नाव शोधा आणि त्याच ओळीत तिसऱ्या जागी कुणाचं नाव आहे ते बघा. तुमचं असेल तर ठीक, आर डबल ओ टी म्हणजे रूट असेल तर ती फाईल बाजूला सारायची. काढायची नाही, फक्त नाव बदलायचं, लॉगिन करताना तो नवी बनवून घेतो:

एम व्ही, स्पेस, डॉट, कॅपिटल एक्स, ए

इथपर्यंत टाईप करून टॅबचं बटण दाबा, बाकीचं नाव तो स्वतः भरतो, स्पेलिंग चुकायची भीतीच नाही. मग स्पेस देऊन जुनी असं काहीतरी नाव इंग्रजीत द्या आणि एंटर. टॅबची ही सवय लावून घ्या, खूप त्रास वाचतो.

कधीकधी एक फाईल नाही तर अख्खं होम फोल्डरच रूटच्या नावावर झालेलं असतं, तेव्हा सुडो, स्पेस, सी एच ओ डब्ल्यू एन, स्पेस, डॅश, कॅपिटल आर, स्पेस, युजरनेम, विसर्गासारखे दोन टिंब, परत युजरनेम, स्पेस, स्लॅश, होम, स्लॅश, युजरनेम. शेवटचा स्लॅश-होम-स्लॅश-युजरनेम हा भाग पुन्हा पुन्हा वाचा, तिथं चुकून नुसता स्लॅश राहिला तर सगळ्या सिस्टीमची मालकी बदलेल आणि मग खरंच मोठं काम होऊन बसेल.

याच्या पुढं जायच्या आधी मी एक परीक्षा घेते, आणि ती सगळ्यांनी घ्यावी. एक नवं अकाउंट उघडायचं. सुडो, स्पेस, ॲडयूजर, स्पेस, नवं नाव. ॲडयूजर म्हणजे ए डी डी यू एस ई आर, जोडून. पासवर्ड विचारेल तो दोनदा द्या, बाकी प्रश्नांना नुसतं एंटर. मग चित्रांच्या स्क्रीनवर येऊन या नव्या नावानं आत जा. गेलात, तर सिस्टीम ठणठणीत आहे आणि बिघाड तुमच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये आहे. नाही गेलात, तर बिघाड खाली सिस्टीममध्ये आहे, ड्रायव्हर (स्क्रीन, कार्ड वगैरे चालवणारं सॉफ्टवेअर) किंवा अपडेटमध्ये. डॉक्टर थर्मामीटर लावतात तसं आहे हे, औषध नंतर, आधी ताप कुठला ते कळू दे.

सेटिंगमध्ये असेल तर लॉगिनच्या पाटीवर आधी बघा की सेशन भलतंच तर निवडलं गेलं नाही ना. मिंटमध्ये नावाशेजारी गोल चिन्ह असतं, उबंटूत नावावर क्लिक केल्यावर खाली उजव्या कोपऱ्यात दातेरी चाक येतं. मशीनवर एकापेक्षा जास्त डेस्कटॉप टाकलेले असतील तर इथं चुकून दुसरंच राहतं. ते बरोबर असेल तर काळ्या स्क्रीनवरून सेटिंगची फाईल बाजूला सारायची, एम व्ही, स्पेस, डॉट, कॉन्फिग, स्लॅश, डीकॉन्फ, स्लॅश, युजर, स्पेस, आणि पुन्हा तेच सगळं शेवटी डॅश जुनी लावून. डीकॉन्फ म्हणजे डी सी ओ एन एफ, आणि इथं युजर म्हणजे यू एस ई आर हाच शब्द, तुमचं नाव नाही. वॉलपेपर, फाँट, पॅनेलची मांडणी सगळं नव्यासारखं होईल, पण फाईली, फोटो सगळं जागेवर. हे करताना डेस्कटॉपवर लॉगिन केलेलं नको, नाहीतर तो जुनीच सेटिंग परत लिहून टाकतो.

सिस्टीममध्ये असेल तर बहुतेक वेळा आदल्या दिवशी अपडेट झालेलं असतं. मशीन सुरू होताना जुन्या मशीनवर शिफ्ट दाबून ठेवा, नव्यावर एस्केप एक-दोनदा दाबा, ग्रबचा मेनू येतो, म्हणजे काय चालू करायचं ते विचारणारी यादी. त्यात ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये जुना कर्नल, म्हणजे सिस्टीमचा जुना गाभा, निवडा. त्यावर नीट चाललं तर नव्या कर्नलचं आणि तुमच्या मशीनचं जमत नाहीये, पुढचा अपडेट येईपर्यंत जुन्यावरच काम करा, काही अडत नाही.

नुसती काळी स्क्रीन आणि एनव्हिडियाचं ग्राफिक कार्ड असेल तर त्याच ग्रबच्या मेनूत पहिल्या ओळीवर ई दाबा, लिनक्स या शब्दानं सुरू होणारी ओळ शोधा, तिच्यात क्वाएट आणि स्प्लॅश असे शब्द असतात त्यांच्यापुढं स्पेस देऊन नोमोडसेट टाईप करा, एन ओ एम ओ डी ई एस ई टी, सगळं जोडून, आणि एफ 10. हे फक्त त्या एका वेळेपुरतं असतं. चित्र जरा ओबडधोबड दिसेल पण आत जाता येईल, मग मिंटच्या ड्रायव्हर मॅनेजरमधून सुचवलेला ड्रायव्हर टाका. याच्याही आधी, डबल मॉनिटर किंवा प्रोजेक्टर लावत असाल तर एचडीएमआयची वायर काढून बघा, चित्र तिकडं जात असतं आणि इकडं आपण ड्रायव्हर बदलत बसतो.

पासवर्ड खरंच विसरलात तर ग्रबच्या ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये रिकव्हरी मोड, त्यात रूट, मग एम ओ यू एन टी, स्पेस, डॅश, ओ, स्पेस, रीमाउंट, स्वल्पविराम, आर डब्ल्यू, स्पेस, स्लॅश. इथं शब्दात लिहिलेला स्वल्पविराम मात्र खरा आहे, तो टाईप करायचा आणि त्याच्या मागंपुढं स्पेस द्यायची नाही. त्यानंतर पी ए एस एस डब्ल्यू डी, स्पेस, युजरनेम, आणि नवा पासवर्ड दोनदा. आत गेल्यावर कीरिंग, म्हणजे सेव्ह केलेल्या पासवर्डची तिजोरी, जुना पासवर्ड मागेल, कारण ब्राउजरमध्ये सेव्ह केलेले पासवर्ड जुन्या किल्लीनं बंद असतात. इतकं सोपं आहे म्हणजे चोरालाही सोपं आहे हे लक्षात घ्या, लॅपटॉप घेऊन फिरणाऱ्यांनी इन्स्टॉल करतानाच डिस्क एनक्रिप्ट करावी, म्हणजे पासवर्डशिवाय ती वाचताच येत नाही. पण त्याचा पासवर्ड विसरलात तर मी काय, कुणीच काही करू शकत नाही, तो कागदावर लिहून घरच्या कपाटात ठेवा.

पावसाळ्यात आणखी एक येतं. लाईट जाते, मशीन धाडकन बंद पडतं, परत लावलं की काळ्या स्क्रीनवर कंसात इनिटरॅमएफएस असं लिहून तो थांबून राहतो. तिथं ई एक्स आय टी मारा, कुठल्या पार्टिशनची, म्हणजे डिस्कच्या कुठल्या भागाची तक्रार आहे ते नावासकट सांगतो, मग एफ एस सी के, स्पेस, डॅश, वाय, स्पेस, आणि ते नाव जसंच्या तसं. संपलं की रीबूट. पण डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर हे करू नका, आधी डेटा बाहेर कॉपी करून घ्या.

डेटा काढायला एक पेनड्राईव्ह लागतो, 8 जीबीचा चालतो, त्यावर मिंट टाकून ठेवायचं. मशीन त्यावरून चालू केलं की काही इन्स्टॉल न करता मिंट उघडतं, फाईलवाल्या खिडकीत डावीकडं तुमची डिस्क दिसते, त्यात होम फोल्डर उघडून सगळं बाहेरच्या हार्डडिस्कवर कॉपी करा. दिंडोरीच्या काकांचं काम याच एका पेनड्राईव्हनं झालं असतं. आता एक त्यांच्या घरी मी देऊन ठेवलाय, वर मार्करनं तारीख टाकून.

आत गेल्यावरच्या तक्रारी त्या मानानं किरकोळ. मिंटच्या सिनॅमन नावाच्या डेस्कटॉपमध्ये पॅनेल (खालची पट्टी) गायब झालं, मेनू उघडेना, खिडक्या अडकल्या की कंट्रोल आल्ट एस्केप दाबा, नुसता डेस्कटॉप नव्यानं चालू होतो आणि उघडलेलं काम तसंच राहतं. दरवेळी बटण दाबून मशीन बंद करायची गरज नसते, त्यानंच पुढं डिस्कच्या तक्रारी सुरू होतात.

मला फोन करायचा असेल, किंवा तुमच्या ओळखीच्या कुणाला, तर तीन गोष्टी हाताशी ठेवा. स्क्रीनवर काय लिहिलंय त्याचा मोबाईलवर फोटो, शेवटचं चाललं तेव्हा काय केलं होतं, अपडेट की नवं ॲप की कुणी दुसऱ्यानं वापरलं, आणि त्या डी एफ कमांडचं उत्तर. माझ्या तिन्ही मशीनवर "राखीव" नावाचं एक जास्तीचं अकाउंट कायम तयार असतं, पासवर्ड गल्ल्यात चिठ्ठीवर, म्हणजे मी दुकानात नसले तरी समोर फॉर्म भरायला आलेल्या माणसाचं काम पोरी थांबवत नाहीत.